गजभिये बाईंचा तापलेला टायर

आमच्या शाळेत खेळाच्या तासाला मुलींना धावायला मिळायचं ते अर्धा तास संपल्यावर. तोवर मान फिरवा, खांदे फिरवा, टाचा उचला, जागच्या जागी उड्या मारा, असंच चालायचं. गजभिये बाई रांगेतून फिरायच्या आणि एकेकीच्या मानेला हाताची मागची बाजू लावून बघायच्या. घरी आई ताप बघते तशा.

"आंग तापलं का वं? कुठी तापलं? चाल, मार उड्या."

मुली कुरकुरायच्या. पण तालुक्याच्या, जिल्ह्याच्या स्पर्धांमध्ये आमच्या मुलींचा पाय कधी मुरगळला नाही, आणि पहिल्या दहा पावलांत त्यांच्या पुढेही कुणी गेलं नाही. त्यामुळे तक्रार घेऊन कुणी मुख्याध्यापिकेकडे गेलं नाही.

शाळा नागपूरच्या सदर भागातली, मुलींची. मी मराठी शिकवायची, विमल गजभिये खेळ शिकवायच्या. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी होत्या. पण त्यांची खुर्ची बहुतेक रिकामीच, कारण त्या टेबलाच्या कडेला टेकून उभ्या राहायच्या. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, दोन घट्ट वेण्या डोक्यावर बांधलेल्या, आणि पायात खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. जेवायला बसल्या की मात्र जगातली सगळी फुरसत त्यांच्याकडे असायची. भाकरीचा एकेक घास इतका चावून खायच्या, की घंटा होऊन आम्ही सगळ्या वर्गावर गेलो तरी त्यांच्या डब्यात चटणी उरलेली असायची.

"बाई, आटपा की," मी म्हणायची.

"घाई करनारा मांगंच रायते, सुमनबाई," त्या शांतपणे म्हणायच्या.

आणि हेच वाक्य बोलणारी बाई शाळा सुटली की फाटकाबाहेर साडेतीनशे सीसीच्या फटफटीला किक मारायची.

ती फटफटी त्यांनी सदरमधल्या एका रेल्वेच्या गार्डसाहेबाकडून घेतली होती. साहेब सहकुटुंब ऑस्ट्रेलियाला चालले होते आणि गाडी कुणाला तरी जीव लावणाऱ्याला द्यायची म्हणून अडून बसले होते. दोन-चार पुरुष बघून गेले. बाईंनी गाडीला हात लावायच्या आधी साखळीला तेल कधी दिलं होतं ते विचारलं, आणि साहेबांनी किल्ली हातात ठेवली. एकोणीसशे त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरचा तो काळ. नागपुरात बायका सायकल सगळ्याच चालवायच्या, लुना-स्कूटरवाल्याही दिसू लागल्या होत्या. पण सलवार-कमीज घातलेली बाई फटफटीवर, हे दृश्य बघायला त्यांच्या इंदोरा वस्तीपासून सदरपर्यंत पानठेल्यांवर माणसं थांबायची. बाई कुणाकडे बघायच्या नाहीत. एकदा मला मागे बसवून गांधीबागेत साडी घ्यायला घेऊन गेल्या तेव्हा एकाने ओरडून विचारलं, "बाई, गाडी भावाची का नवऱ्याची?"

बाईंनी गाडी थांबवली, मागे नेली, आणि अगदी मायेने म्हणाल्या, "माही हाय गा. काहून, तुले बसाचं हाय काय?"

तो पानठेल्याच्या मागे गेला. त्यानंतर साडीचा रंग कोणता घ्यावा यावर आम्ही तासभर वाद घातला आणि तो त्यांनी जिंकला.

शहराबाहेर महायुद्धाच्या काळात बांधलेली एक जुनी हवाईपट्टी होती. विमानं केव्हाच बंद झाली होती, सिमेंटच्या भेगांतून गवत आलं होतं; पण दरवर्षी जानेवारीत फटफटीवाल्यांची एक मंडळी तिथे झाडलोट करून शर्यत भरवायची. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, निशाण पडलं की सुटायचं, सरळ पाव मैल. जो आधी पोचला तो पुढच्या फेरीत, हरला तो घरी. वळण नाही, काही नाही. सगळा खेळ सुटण्याचा.

बाई नाव द्यायला गेल्या तेव्हा मी सोबत होते. टेबलाशी एक निवृत्त मेजरसाहेब बसले होते, तेच पंच. माणूस सभ्य. म्हणाले, "मॅडम, महिलांसाठी आपण स्लो स्कूटर ठेवली आहे. जी सर्वांत हळू जाईल ती पहिली."

"सर, हळू जाचीच आमाले शर्यत कायले पायजे?" बाई म्हणाल्या. "थे तर आमी जन्मभर करून राह्यलो."

मेजरसाहेब पहिल्यांदा हसले, मग गंभीर झाले. बायकांनी भाग घेऊ नये असं नियमात कुठे नव्हतं. तसा कुणी विचारच केला नव्हता. त्यांनी नाव लिहून घेतलं.

त्या पहिल्या वर्षी बाई पहिल्याच फेरीत हरल्या, आणि वाईट हरल्या. नागपूरची थंडी, सकाळची वेळ, तोंडातून वाफा निघत होत्या. निशाण पडलं. शेजारची गाडी सुटली. बाईंनी क्लच सोडला तर गाडीचं मागचं चाक जागच्या जागी गरगरलं, शेपूट डावीकडे गेली, उजवीकडे गेली, आणि गाडी पुढे सरकेपर्यंत समोरचा निम्म्यावर पोचला होता. लोक पोट धरून हसले.

"बाईजी, गाडी को नाचना भी सिखाया क्या?" असं ओरडणारा होता मदन सेठ. गांधीबागेतल्या कापडाच्या एका बड्या दुकानदाराचा मुलगा, कोरलेल्या मिशीचा, रेशमी रुमाल बांधणारा, आणि परदेशातून आणवलेल्या दणदणीत गाडीचा मालक. तिसऱ्यांदा लागोपाठ तोच जिंकला.

परत येताना बाई रडतील म्हणून मी शब्द जुळवून ठेवले होते. त्यांनी गाडी उभी केली आणि मागच्या टायरवर हाताची मागची बाजू ठेवली. मग म्हणाल्या, "सुमनबाई, हात लावून पाहा बरं."

मी लावला. लाकडासारखा कडक आणि गार.

"याचं आंगच तापलं नवतं वं," त्या म्हणाल्या. स्वतःवरच चिडल्या होत्या. "पोट्ट्यायले रोज सांगतो, अन् याले तसाच उभा केला."

दुपारी सगळे पांगल्यावर त्यांनी उन्हात तापलेल्या पट्टीवर तीच गाडी पुन्हा सोडून बघितली. चाक घसरलं नाही. गाडी अशी उसळली की मी मागे सरले.

आता टायर तापवायचा कसा, हा प्रश्न झाला. उन्हाची वाट बघता येत नव्हती, शर्यत सकाळीच. बाईंनी गाडी पळवून बघितली, पण रेषेवर येऊन उभं राहीपर्यंत टायर पुन्हा गार. उत्तर मिळालं ते रद्दीत. सदरच्या रद्दीवाल्याकडून शाळेच्या भित्तिचित्रांसाठी आम्ही जुनी परदेशी मासिकं आणायचो. त्यातल्या एका पानावर, धुराच्या ढगात बुडालेली एक गाडी आणि आत दात काढून हसणारा चालक.

"याच्या गाडीले आग लागली अन् हा हासून कसा राह्यला?" बाई म्हणाल्या. मग त्यांनी चित्र डोळ्यांजवळ नेलं. धूर फक्त मागच्या चाकांपाशी होता. खाली सिमेंट ओलं दिसत होतं. "आग नोय हे," त्या हळूच म्हणाल्या. "तापवून राह्यला थो."

मग रविवारमागून रविवार प्रयोग. रीत अशी बसली: मागच्या चाकाखाली पाणी ओतायचं. पुढचा ब्रेक गच्च दाबायचा. बूड सीटवरून उचलायचं, म्हणजे मागच्या चाकावरचा भार कमी होतो. मग गाडीचा आवाज चढवून क्लच सोडायचा. ओल्या सिमेंटवर चाक सहज फिरायला लागतं, गाडी मात्र जागेवर. फिरता फिरता पाणी उडून जातं, रबर तापतं, वास सुटतो, पांढरा धूर येतो. मग ब्रेक सैल करून कोरड्या जागेवर यायचं आणि सरळ रेषेवर जायचं, वाटेत रेती न लागू देता. तापलेला टायर बोटाला चिकटायला बघतो, सिमेंटलाही तसाच चिकटतो. जुन्या गाडीचा पुढचा ब्रेक मात्र दुबळा होता. आवाज चढला की गाडी ब्रेकला न जुमानता पुढे सरकायची. पाणी असलं तरच जमायचं. पाण्याची बादली माझ्याकडे असायची. मराठीची शिक्षिका बादलीवर नेमली गेली होती, यापलीकडे त्या इतिहासात माझं स्थान नाही.

हे प्रयोग करायला सपाट, टणक सिमेंट लागायचं, आणि तसं सिमेंट आमच्या माहितीत एकाच ठिकाणी होतं: शाळेच्या नव्याकोऱ्या बास्केटबॉलच्या मैदानावर. एका सोमवारी प्रार्थनेनंतर मुख्याध्यापिका प्रधान बाई मैदानाच्या कडेला उभ्या होत्या. मैदानाच्या एका टोकाला वीतभर रुंद काळाकुट्ट पट्टा.

"हे काय आहे?"

"मी हाय, मॅडम," गजभिये बाई म्हणाल्या.

"तुम्ही काय आहात?"

"म्हणजे मी केलं. टायर तापवला."

प्रधान बाई कडक शिस्तीच्या. त्यांनी सरळ घासायचा ब्रश मागवला. बाई स्वतः गुडघ्यांवर बसून घासू लागल्या. मधल्या सुट्टीत नववीच्या मुली न सांगता घरून, कँटीनमधून, कुठून कुठून घासण्या घेऊन आल्या. तीन दिवस घासलं, रॉकेल लावलं, विटेने खरवडलं. पट्टा फिका झाला, गेला नाही. शेवटी प्रधान बाईंनीच मुलींच्या धावण्याच्या शर्यतीत सुरुवातीची रेषा म्हणून तो वापरायला सांगितला. "चुन्याचा खर्च वाचेल," एवढंच म्हणाल्या.

घरी मात्र बाईंची खरी अडचण होती. त्यांचे वडील, सीतारामबाबा, गिरणीतून निवृत्त झालेले. धोतर, पांढरी टोपी, जाड भिंगांचा चष्मा. मुलगी फटफटी चालवते याचं त्यांना काही नव्हतं; उलट वस्तीत ते मुद्दाम तिच्या मागे बसून जायचे. पण टायर जाळायचा?

"आमी चपला झिजू नये म्हनून हातात धरून चालत होतो," ते मला म्हणाले, जणू मी न्यायाधीश होते. "अन् हे नवा टायर उभ्या उभ्या जाळून राह्यली. बाई, तुमी तरी सांगा इले."

"बाबा, जाळून नाही राह्यली, तापवून राह्यली," गजभिये बाई आतून ओरडल्या.

"धूर निघते का नाही?"

"निघते."

"मंग?"

बाबांनी सांगितलं, मी काही तो तमाशा पाहायला येणार नाही. आणि ते बोलले की बोलले.

पुढच्या जानेवारीत हवाईपट्टीवर गर्दी दुप्पट होती. "धुरवाली बाई" ही बातमी कुणीतरी पसरवली होती. बहुधा नववीच्या मुलींनीच. मी बादली घेऊन तयार. पहिल्या फेरीला बाईंनी टायर तापवायला घेतला तेव्हा मदन सेठ मोठ्याने म्हणाला, "बाईजी, धुआँ करके मच्छर भगा रहे क्या?" निशाण पडलं, आणि बाईंची गाडी अशी सुटली की शेजारचा पोरगा अजून क्लच शोधत होता. दुसऱ्या फेरीतही तसंच. तिसऱ्या फेरीत समोरचा अनुभवी गडी होता. तोही मागेच राहिला. हसणारे आता ओरडत होते. पलीकडच्या बाजूला मदन सेठ आपल्या दणदणीत गाडीवर एकेकाला खात वर येत होता. शेवटच्या फेरीला दोघं उरले.

तेवढ्यात मेजरसाहेब आले. चेहरा अवघडलेला. पाण्यामुळे रेषेच्या मागे चिखल झाला होता, आणि तिसऱ्या फेरीत एकाची गाडी त्यावरून घसरून त्याचं कोपर फुटलं होतं. "मॅडम, सॉरी. आता पाणी ओतता येणार नाही. धोका आहे."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हे बाईंनाही कळत होतं. मी बादली खाली ठेवली. पाण्याशिवाय ब्रेक टिकणार नव्हता, गाडी जागेवर राहणार नव्हती. गार वारा सुटला होता. बाईंनी टायरवर हात ठेवला. गर्दीत कुजबूज सुरू झाली. एक जण स्पष्टच म्हणाला, "सेठनं पंचाले फोडलं. बाई जिंकून राह्यली होती ना."

मदन सेठने ते ऐकलं. त्याचा चेहरा लाल झाला. गाडी स्टँडवर लावून तो सरळ आमच्याकडे आला.

"बाईजी, बिना पानी के होता क्या?"

"होते. पन पुढून कोनी गाडी धरून ठेवाले पायजे. घट्ट."

"मैं पकड़ता."

आम्ही सगळेच त्याच्याकडे बघत राहिलो.

"अरे, ऐसे क्या देख रहे?" तो म्हणाला. "ठंडे टायर से तुम हारे तो पूरा गांधीबाग बोलेगा, मदन पानी बंद करवा के जीता. मुँह कहाँ दिखाऊँगा मैं? चलो, बैठो गाड़ी पे."

"सेठ, हात सुटला तर दोघंबी दवाखान्यात जाऊ."

"नहीं छूटेगा."

तो गाडीच्या पुढे उभा राहिला, पुढचं चाक दोन गुडघ्यांत आवळलं, हँडलची दोन्ही टोकं धरली आणि पुढे वाकून सगळा भार टाकला. बाईंनी ब्रेक दाबला, बूड उचललं, आवाज चढवला. मेजरसाहेब एक पाऊल पुढे आले आणि थांबले. धरू नये असंही नियमात कुठे नव्हतं. क्लच सुटला. कोरड्या सिमेंटवर टायर किंचाळला. सेठचे बूट वीतभर मागे घसरले, दातओठ खाऊन त्याने पाय रोवले. धूर आला, वाढला, दोघंही त्यात दिसेनासे झाले. धुरातून फक्त सेठचा आवाज येत होता, "और! और, बाईजी, और!"

धूर ओसरला तेव्हा त्याच्या पांढऱ्या शर्टावर काळे ठिपके उडाले होते आणि तो लहान पोरासारखा हसत होता. बाईंनी खाली वाकून टायरला बोट लावलं. झटकन मागे घेतलं.

"आता तुमचा," त्या म्हणाल्या. "आना गाडी. मी धरतो."

"रहने दो. मेरा इंजन तुम्हारे से डबल है."

"सेठ, खरं सांगतो, तापवून घ्या. मंग म्हनसान का बाईनं सांगतलं नाही."

त्याने हात हलवला आणि आपल्या गाडीवर जाऊन बसला. तिथेच शर्यत ठरली असं आता वाटतं.

निशाण पडलं. बाईंची गाडी चिकटल्या जागेवरून सुटल्यासारखी निघाली, पुढचं चाक हातभर वर उचललं गेलं आणि खाली टेकलं. शेजारी सेठचं चाक गरगरलं, शेपूट हलली, आदल्या वर्षी बाईंची हलली होती तशीच. पण त्याचं इंजिन खरंच दुप्पट होतं. पकड मिळताच तो तोफेसारखा मागे लागला. निम्म्यावर दोन गाड्यांचं अंतर होतं, पुढे एका गाडीचं, मग अर्ध्या. नववीच्या मुली जिवाच्या आकांताने ओरडत होत्या. त्यांच्या मागे एक छत्री वर-खाली नाचत होती. छत्रीखाली प्रधान बाई होत्या. त्या केव्हा आल्या मला ठाऊक नाही. पलीकडच्या टोकाला दोन्ही गाड्या एकदमच गेल्यासारख्या दिसल्या. मग तिथल्या माणसाने बाईंच्या बाजूचं निशाण वर केलं. एका चाकाने.

पुढचं सगळं आरडाओरड्यात गेलं. सेठने बाईंच्या हातात आपला रेशमी रुमाल दिला, म्हणाला, "अगले साल मैं भी तपाऊँगा." मुलींनी बाईंना उचलायचा प्रयत्न केला आणि सगळ्या मिळून पडल्या. आणि त्या गर्दीतून, धोतराचा सोगा धरून, चष्मा हातात घेतलेले सीतारामबाबा वाट काढत आले. येणार नाही म्हणणारे बाबा पहाटेच पायी निघून आले होते आणि लोकांच्या मागे उभे होते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, बाबा. जितली मी."

"एवढ्यातच? मी तर चस्मा पुसून राह्यलो होतो वं. लावेपर्यंत संपलं बी?"

त्यांचा चेहरा पार उतरला. गजभिये बाई मेजरसाहेबांकडे वळल्या. "सर, अजून एक खेप जाऊ द्यान?"

मेजरसाहेबांनी स्वतः निशाण उचललं.

बाईंनी वडिलांना मागे बसवलं. या खेपेला धूर नाही, घाई नाही. गाडी सावकाश निघाली, पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या माणसांमधून. बाबा ताठ बसले होते, एक हात मुलीच्या खांद्यावर, दुसऱ्याने टोपी धरलेली, चष्मा आता नीट डोळ्यांवर. लोक टाळ्या वाजवत होते. परत आल्यावर बाबा उतरले आणि ओळख ना पाळख अशा मेजरसाहेबांना म्हणाले, "छप्पन सालच्या दीक्षेच्या दिवशी एवढीशी होती हे. खांद्यावर बसवून नेलं होतं मी. गर्दीत तिले दिसावं म्हनून."

मेजरसाहेबांनी त्यांना सॅल्यूट ठोकला.

त्यानंतर बाई आणखी दोन वेळा जिंकल्या आणि एकदा मदन सेठकडून हरल्या. सेठ तापवायला शिकला होता. त्याची गाडी बाईंनीच धरली होती. त्या पराभवाचे पेढे बाईंनी शिक्षकांच्या खोलीत वाटले. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "माहा पयला विद्यार्थी पास झाला ना."

पुढे त्यांना क्रीडा अधिकारी म्हणून गडचिरोलीला नेमणूक मिळाली. जिल्हा तेव्हा नवा झाला होता. सामान ट्रकने पाठवलं, बाबांना बाईंच्या भावाने आधीच तिकडे नेऊन सोडलं, आणि बाई फटफटीवरून निघाल्या. मी उमरेड रोडच्या नाक्यापर्यंत सोडायला गेले होते. कापसाचे दिवस. पांढऱ्या गाठोड्यांनी लादलेल्या बैलगाड्यांची रांग रस्ता अडवून चालली होती, आणि गजभिये बाई तिच्या मागे, पाय जमिनीला टेकवत, बैलांच्या चालीने सरकत होत्या. शेवटच्या गाडीवानाशी गप्पाही सुरू झाल्या होत्या. कुठून आले, बैलांची नावं काय, असलं काहीतरी. ऐकू येत नव्हतं, पण दोघं हसताना दिसत होते. मग गाडीवानाने कासरा ओढून बैल कडेला घेतले आणि हाताने पुढे जा म्हणून खूण केली.

बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. डावा हात तेवढा वर केला. तो त्याच्यासाठी होता की माझ्यासाठी, कुणास ठाऊक. मग समोरचा रस्ता मोकळा झाला, आणि कापसाचे चार-दोन पांढरे पुंजके हवेत उडाले.